रत्नागिरीहून मालवणला जाणारा डेटा मुंबईला का जातो?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्यांचं घर रत्नागिरीत, होमस्टे मालवणजवळ तारकर्लीला. घरी एका कंपनीचं फायबर, होमस्टेला तिथल्या केबलवाल्याचं कनेक्शन. होमस्टेचे कॅमेरे घरून बघताना चित्र अडकतं. ट्रेसराउट (डेटा कोणकोणत्या राउटरांवरून जातो ते दाखवणारी चाचणी) काढला तर डेटा मुंबईला जाऊन येताना दिसला, आणि कॅमेऱ्याचं ॲप तर सिंगापूरशी बोलत होतं. दोन्ही टोकं कोकणात असताना हा वळसा कशाला, कंपन्या एकमेकींना यासाठी पैसे देतात का, आणि ही देवाणघेवाण रत्नागिरीतच का होत नाही, असं त्यांना विचारायचंय.

छोट्या आयएसपींची, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांची, नेटवर्कं उभी करणं आणि पावसाळ्यात ती तगवणं हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सिंगापूर निकालात काढू. त्याचा तुमच्या दोन कंपन्यांशी काही संबंध नाही, तो कॅमेऱ्याचा मामला आहे. तुमच्या होमस्टेच्या कनेक्शनला बाहेरच्या जगाला दिसणारा स्वतःचा आयपी पत्ता बहुधा नाही. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते आशिया-प्रशांत भागात एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या गठ्ठ्यावर आले. आज नवा आयएसपी नोंदणीला गेला तर त्याच्या पदरात जेमतेम ५१२ पत्ते पडतात, आणि गिऱ्हाइकं असतात हजारो. मग एकेका पत्त्यामागे कित्येक घरं बसवावी लागतात. याला सीजीनॅट म्हणतात. आतून बाहेर जायला अडचण येत नाही, पण बाहेरून कोणी थेट तुमच्या कॅमेऱ्यापर्यंत पोचू शकत नाही. म्हणून कॅमेरा स्वतःच आपल्या कंपनीच्या सर्व्हरला जोडून बसतो, तुमचं ॲपही तिथेच जातं, आणि तो सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. जमलं तर पुढे दोघं थेट बोलतात. दोन्ही बाजूंना सीजीनॅट असेल तर बऱ्याचदा जमत नाही, मग सगळं चित्र त्या सर्व्हरमार्फतच वाहतं. सर्व्हर सिंगापूरला असला की तारकर्लीचं अंगण सिंगापूरमार्गेच दिसणार. रत्नागिरीत उद्या एक्सचेंज, म्हणजे नेटवर्कांना एकमेकांशी जोडणारी जागा, उघडलं तरी यात काडीचा फरक पडायचा नाही. यावर काय करता येईल ते शेवटी सांगतो.

ट्रेसराउटबद्दल एक सूचना. त्यात दिसणाऱ्या गावांच्या नावांवर विसंबू नका, मिलिसेकंद बघा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, त्यामुळे ३९ मिलिसेकंदांच्या आत उत्तर येणं निसर्गनियमातच बसत नाही; प्रत्यक्षात ५५-६० च्या पुढेच लागतात. एखाद्या ओळीसमोर सिंगापूर लिहिलंय आणि आकडा १४ आहे, तर तो राउटर सिंगापूरला नाहीच, बहुधा मुंबईतच आहे. त्याचा पत्ता तेवढा सिंगापूरच्या नावावर नोंदलेला असतो. शिवाय ट्रेसराउट फक्त जायची वाट दाखवतो. परतीची वाट वेगळी असू शकते, बऱ्याचदा असतेच, आणि खरी गडबड तिकडेच असते.

आता मुंबई.

इंटरनेट म्हणजे हजारो स्वतंत्र नेटवर्कं. प्रत्येकाला एक क्रमांक, त्याला एएस नंबर म्हणतात. ही नेटवर्कं आपल्या सीमेवरच्या राउटरवरून शेजाऱ्यांना सतत सांगत असतात की अमुक पत्ते माझ्याकडे आहेत, त्यांचं सामान इकडे द्या. ज्या भाषेत हे सांगितलं जातं ती बीजीपी. १९८९ पासून ती वापरात आहे आणि तिच्या जागतिक टेबलात आज ९ लाखांहून जास्त नोंदी आहेत. बीजीपीला किलोमीटर कळत नाहीत. रत्नागिरी कुठे आणि मालवण कुठे हे तिच्या गावीही नसतं.

तिला कळतं ते आम्ही सांगू तेवढंच, आणि आम्ही सांगतो ते पैशाच्या हिशेबाने. राउटरवर लोकल प्रेफरन्स नावाचा एक आकडा असतो. समजा एखाद्या पत्त्याकडे जायच्या तीन वाटा आल्या: एक माझ्या गिऱ्हाइकाकडून, एक बरोबरीच्या नेटवर्ककडून आणि एक ज्याच्याकडून मी बँडविड्थ विकत घेतो त्या अपस्ट्रीमकडून. मी पहिलीला २००, दुसरीला १५०, तिसरीला १०० लावतो. मोठा आकडा जिंकतो. पैसे मिळतात ती वाट आधी, फुकटची नंतर आणि पैसे जातात ती सगळ्यात शेवटी. आकडे ज्याचे त्याचे वेगळे, क्रम मात्र जवळजवळ सगळीकडे हाच. कोणती वाट कमी नेटवर्कांतून जाते हा विचार त्यानंतर येतो.

अपस्ट्रीमकडून जे विकत घेतो ते ट्रान्झिट: पैसे मोज, सगळं जग मिळव. बरोबरीच्या नेटवर्कशी जे होतं ते पिअरिंग: तुझी गिऱ्हाइकं मला दाखव, माझी मी तुला दाखवतो, आणि सहसा कोणीच कोणाला काही देत नाही. पिअरिंगमध्ये एक पथ्य पाळावं लागतं. एका पिअरकडून कळलेला पत्ता दुसऱ्या पिअरला सांगायचा नाही, नाहीतर त्या दोघांचं ओझं फुकटात माझ्या लिंकवरून जायला लागेल. फिल्टर लावताना हात चुकला आणि असे पत्ते बाहेर निसटले की कोणाचं तरी धो धो ट्रॅफिक एखाद्या छोट्या लिंकवर येऊन कोसळतं. बीजीपी स्वभावाने भोळी आहे, समोरचा सांगेल ते खरं मानते. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्यासाठी केलेली घोषणा देशाबाहेर निसटली आणि जगभरचं यूट्यूब दोनेक तास आडवं झालं.

आता तुमच्या दोन कनेक्शनांकडे येऊ. दाभोळ आणि धोपावे वाशिष्ठीच्या खाडीवर समोरासमोर आहेत. फेरीबोट आहे म्हणून काही मिनिटांत पलीकडे जाता येतं, नसती तर चिपळूणवरून वळसा. पिअरिंग म्हणजे ती फेरीबोट, आणि तिला दोन्ही काठांवर जेट्टी लागते. तुमच्या रत्नागिरीच्या कंपनीचं ऑफिस, ओएलटी (घराघरांतली फायबर जिथे येऊन जोडली जाते ते यंत्र), बॅटऱ्या, लाइनमन सगळं रत्नागिरीत असेल, पण दुसऱ्या नेटवर्कशी जिथे भेट होते तो बीजीपी राउटर मुंबईतल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये आहे. तारकर्लीच्या केबलवाल्याकडे तर बहुधा असा राउटर नसेलच. आपल्याकडचे बहुतेक केबलवाले कुठल्यातरी मोठ्या आयएसपीची फ्रँचायझी चालवतात. फायबर त्यांचं, वसुली त्यांची, शिव्याही त्यांनाच, पण आयपी पत्ते आणि एएस नंबर वरच्या कंपनीचे. ती कंपनीही मुंबईतच भेटते. म्हणून तुमचा डेटा मुंबईला जातो, दोन रॅकमधली काही मीटर केबल ओलांडतो आणि परत कोकणात येतो.

पैशांचं विचारलंत, तर आधी फोनचं उदाहरण घेऊ, कारण पुष्कळांच्या मनात तेच असतं. एका कंपनीचा कॉल दुसरीच्या नेटवर्कवर संपला की पहिली दुसरीला पैसे देई. तो दर ट्राय ठरवायची. मिनिटाला १४ पैसे होता, ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे झाला आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. इंटरनेटच्या देवाणघेवाणीला असा नियामकाचा दर नाही. दोन नेटवर्कं आपसात जे ठरवतील ते. बरोबरीचे असतील तर फुकट. एक मोठं आणि एक छोटं असेल तर मोठं म्हणतं, पिअरिंग कसलं, गिऱ्हाईक हो. यात अन्याय आहे का? मला तसं वाटत नाही. ज्याने हजारो किलोमीटर फायबर टाकलंय तो चार तालुक्यांच्या नेटवर्कला बरोबरीचं कशाला मानेल? पण याचाच परिणाम असा की छोट्याला शेजारच्या गावातल्या घरापर्यंत पोचायलाही मोठ्याकडून ट्रान्झिट घ्यावं लागतं.

हा वळसा पूर्वी याहून कितीतरी लांबचा होता. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी आयएसपींना परवानगी मिळाली. पुढे ज्याने त्याने परदेशाची आपापली लिंक घेतली, पण आपसात कोणी जोडलेलं नव्हतं. त्यामुळे मुंबईतल्या एका आयएसपीच्या गिऱ्हाइकाने त्याच शहरातल्या दुसऱ्या आयएसपीच्या गिऱ्हाइकाला पाठवलेली ईमेल अमेरिकेला जाऊन यायची, आणि समुद्राखालच्या महागड्या बँडविड्थचे पैसे दोन्ही बाजूंनी भरले जायचे. हे थांबवायला २००३ मध्ये निक्सी स्थापन झाली, ना नफा तत्त्वावरची कंपनी. नोएडा, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता इथे तिची पहिली एक्सचेंजं उभी राहिली. एक्सचेंज म्हणजे डोळ्यांपुढे काही भव्य आणू नका. वातानुकूलित खोलीत एक-दोन तगडे स्विच असतात, प्रत्येक सदस्याची फायबर त्यात खोवलेली असते, आणि बाजूला एक रूट सर्व्हर असतो, जो सगळ्यांच्या घोषणा सगळ्यांना वाटतो म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाशी वेगळं जुळवत बसावं लागत नाही.

निक्सीने सुरुवातीला एक नियम असा केला की त्याचे परिणाम आम्हाला बरीच वर्षं पुरले. हिशेब घेणाऱ्याच्या माथी होता. तुम्ही एक्सचेंजमधून जितका डेटा घेतलात आणि जितका दिलात त्यातल्या फरकाचे पैसे जास्त घेणाऱ्याने भरायचे. कागदावर हे न्याय्य दिसतं, कारण मागणारा पैसे देतो. पण घरगुती गिऱ्हाइकांचा आयएसपी हा जन्मजात घेणारा. लोक व्हिडिओ बघतात, पाठवत नाहीत. म्हणजे ज्या छोट्यांसाठी एक्सचेंज उपयोगाचं, त्यांच्याच खिशाला कात्री. त्यात आरंभी सदस्यत्व परवानाधारक आयएसपींपुरतं होतं, त्यामुळे ज्यांच्याकडे माल होता त्या कंटेंट कंपन्या दाराबाहेर. दक्षिण कोरियाने २०१६ पासून नेमकं उलटं केलं, आयएसपींमध्ये पाठवणाऱ्याने पैसे भरायचे. तिथे मोठ्या कंटेंटचा खर्च इतका वाढला की ट्विच ही व्हिडिओ कंपनी फेब्रुवारी २०२४ मध्ये तो देश सोडून गेली. दोन्ही टोकं बघितल्यावर माझं मत झालंय की एक्सचेंजमध्ये डेटा मोजून पैसे लावूच नयेत. पोर्टचं महिन्याचं ठरावीक भाडं घ्यावं आणि विषय संपवावा.

मुंबईत पुढे आलेल्या खासगी एक्सचेंजांनी तेच केलं. एक्स्ट्रीम आयएक्स आली. जर्मनीत फ्रँकफर्टला १९९५ पासून चालणारी डी-किक्स (DE-CIX) मुंबईत आली. पोर्ट घ्या, भाडं भरा, हवं त्याच्याशी पिअर करा, कंटेंटवाल्यांनाही दार उघडं. छोट्या आयएसपींना मुंबईच्या रॅकमध्ये जागा घेणं परवडायला लागलं ते यामुळे. आणि सगळं मुंबईतच का एकवटलं, तर पश्चिमेकडच्या समुद्री केबल तिथे किनाऱ्याला लागतात म्हणून. केबलभोवती डेटा सेंटरं, डेटा सेंटरांभोवती नेटवर्कं. जिथे सगळे असतात तिथेच नवा जातो.

मग रत्नागिरीत एक्सचेंज का नको? तांत्रिक अडचण काहीच नाही. निक्सीने अलीकडे दुर्गापूर, वर्धमानसारख्या ठिकाणीही नोड उघडले आहेत, तेव्हा जिल्ह्याच्या गावात स्विच ठेवणं अशक्य नाही. प्रश्न असा आहे की त्या स्विचमधून वाहणार काय? आमच्याकडच्या अनुभवाने एका घरगुती गिऱ्हाइकामागे रात्री नऊ-दहाच्या गर्दीला सरासरी दोन-अडीच एमबीपीएस धरतात. दोन हजार घरं म्हणजे चार-पाच जीबीपीएस. त्यातलं बहुतेक यूट्यूब, इन्स्टाग्राम, नेटफ्लिक्स, क्रिकेटचे सामने. रत्नागिरीच्या घरातून थेट मालवणच्या घराकडे जाणारं ट्रॅफिक ग्राफवर शोधावं लागतं. गणपतीत चाकरमानी आले की ग्राफ उभा वर जातो, आरतीचे व्हिडिओ कॉल सुरू होतात, पण ते मुंबईशी आणि दुबईशी, शेजारच्या तालुक्याशी नाहीत. आणि पिअर करायला दोघांकडे आपापला एएस नंबर हवा. असे स्वतंत्र आयएसपी दोन्ही जिल्ह्यांत मिळून मोजकेच. मग एक्सचेंजमध्ये एकमेकांना भेटणार कोण?

त्यापेक्षा कॅशचा (cache, म्हणजे जवळच साठवून ठेवलेल्या प्रतींचा) फायदा मोठा. गूगल, नेटफ्लिक्स, मेटा या कंपन्या पुरेसं ट्रॅफिक असलेल्या आयएसपीला स्वतःचे सर्व्हर देतात. ते आयएसपीच्या रॅकमध्ये बसतात आणि लोक जे पुन्हा पुन्हा बघतात ते तिथूनच पुरवतात. वीज, जागा आणि गारवा आयएसपीचा. अडचण एकच, त्यांची किमान ट्रॅफिकची अट छोट्याला एकट्याला पुरी होत नाही. चार-पाच जणांनी मिळून अट भागवली तर मुंबईच्या लिंकवरचं ओझं चांगलंच उतरेल. पण इथे एकाच गल्लीत एकमेकांची गिऱ्हाइकं ओढणाऱ्यांना एका रॅकमागे बसवणं राउटर कॉन्फिगर करण्यापेक्षा अवघड आहे.

कोकणचं खरं दुखणं मुंबईपर्यंतच्या वाटेत आहे. महामार्गाच्या चौपदरीकरणात जेसीबीने फायबर तोडणं हा आमच्यासाठी ऋतू होऊन बसला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडचे खांब झोपवले, तेव्हा खांबांवरची फायबरही त्यांच्याबरोबर गेली. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा तळमजल्यावरची सगळी यंत्रणा पाण्यात होती. शहाणा आयएसपी दोन वाटा ठेवतो: एक किनाऱ्याच्या बाजूने पनवेलकडे, दुसरी आंबा, फोंडा किंवा आंबोली घाटाने वर चढून कोल्हापूर-पुण्याकडून. एकदा दोन्ही वाटांचे नकाशे मागून घ्यावेत आणि डक्ट, म्हणजे फायबरची नळी, कुठून जातो ते जागेवर जाऊन बघावं. पुष्कळदा दोन कंपन्यांची दोन बिलं येतात आणि खाली चर एकच असतो. जेसीबीचा एक घाव बसला की दोन्ही लिंक एकाच सेकंदाला लाल होतात.

स्थानिक एक्सचेंजची बाजू घेणारे म्हणतात की मुंबई तुटली तरी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात संपर्क राहील. मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. त्या दिवशी लोक उघडणार व्हॉट्सॲप, आणि त्याचे सर्व्हर जिल्ह्यात नाहीत. इतकंच काय, तुमचा राउटर रीस्टार्ट झाला तर त्याचं लॉगिन तपासणारा सर्व्हरही कित्येक आयएसपींनी मुंबईतच ठेवलेला असतो, म्हणजे शेजारच्या खोलीतल्या ओएलटीपर्यंत फायबर शाबूत असूनही कनेक्शन उठत नाही. आधी लॉगिन आणि डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा) जिल्ह्यात आणा, घाटावरून दुसरी वाट घ्या, मग एक्सचेंजचं बोलू. एका ठिकाणी मात्र मी आग्रह धरेन. एकाच शहरात एएस नंबर असलेले दोन आयएसपी असतील तर त्यांनी रस्ता ओलांडून एक फायबरची जोडी टाकावी आणि दोन्ही टोकांना एकेक एसएफपी (फायबर राउटरला जोडणारा छोटा भाग) लावून थेट पिअर करावं. खर्च किरकोळ, काम अर्ध्या दिवसाचं. शाळा, पतसंस्था, दवाखाने यांच्या शाखा दोघांत विभागलेल्या असतात, त्यांना फरक त्याच दिवशी जाणवतो.

तर तुमचा कॅमेरा. होमस्टेच्या केबलवाल्याकडे आयपीव्ही६, म्हणजे मुबलक पत्ते असलेली नवी पद्धत, आहे का विचारा. दोन्हीकडे असेल आणि कॅमेऱ्यालाही ते कळत असेल तर सीजीनॅटची भानगडच उरत नाही, फक्त राउटरच्या फायरवॉलमध्ये मोजकीच वाट उघडा. नसेल तर महिन्याला थोडे जास्त पैसे देऊन होमस्टेसाठी स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा कायमचा पत्ता, घ्या, पण कॅमेरा त्यावर उघडा टाकू नका; राउटरवर व्हीपीएन (फक्त तुमच्यासाठीची बंदिस्त, कूटबद्ध वाट) लावून त्यातून बघा. तेही मिळत नसेल तर मुंबईतल्या एखाद्या क्लाउडवर छोटा सर्व्हर भाड्याने घ्या आणि घर व होमस्टे दोन्ही व्हीपीएनने त्याला जोडा. वळसा मुंबईचाच राहील, पण सिंगापूर सुटेल.

हे सगळं करण्याआधी दोन गोष्टी तपासा. कॅमेऱ्याचं चित्र होमस्टेकडून बाहेर पडतं, तेव्हा तिथल्या प्लॅनचा अपलोड किती आहे ते बघा. डाउनलोड १०० असला तरी काही प्लॅनांत अपलोड फारच कमी असतो. आणि कॅमेरा वायफायवर असेल तर तात्पुरती लॅन केबल लावून बघा. जांभ्याच्या दीड फुटी भिंतीपलीकडे वायफाय फार पोचत नाही, आणि पावसाळ्यात भिंत भिजली की आणखीच कमी.